बोक्याची खिडकी

पोरगा अंगणवाडीत गेलाय, भाताचा कुकर लावलाय, तेवढ्यात लिहून घेते. नंतर मला वेळ नाय मिळत, अन् मिळाला तर डोळे मिटतात. दहावीला गणितात अन् इंग्रजीत राहिले तेव्हापासनं मी पेन धरला तो फक्त सह्या करायला. माझं वय तसं काय लय नाय, पण थकवा म्हातारीचा हाय, अन् म्हाताऱ्या माणसांना जसं मागचं सगळं एकदा सांगून टाकावंसं वाटतं तसं मला आत्ताच वाटायला लागलंय. कारण माझं पोरपण एका हिवाळ्यातच संपलं, अन् त्याच्या आधीची मी कशी होते ते आता मलाच आठवून बघावं लागतं.

आमचं घर सातपूरला, कॉलनीच्या मागच्या अंगाला, दोन खोल्यांचं. पुढची खोली जुनी, पत्र्याची. मागची आप्पांनी नंतर बांधली, तिच्यावर स्लॅब टाकला, अन् त्या स्लॅबचं आप्पांना लय कौतुक. पाहुणा आला की त्याला मागच्या खोलीत उभं करून वर बघायला लावायचे. मी शाळेत असताना स्लॅब टाकला तेव्हा सगळ्या गल्लीनं फावडं धरलं होतं, आईनं सगळ्यांना मटणाचा रस्सा केला होता. त्या खोलीला एकच खिडकी, मागच्या बोळात उघडणारी. तिची एक काच फुटलेली. आप्पा दर रविवारी म्हणायचे, काच बसवू. आप्पा कंपनीत वॉचमन, रात्रपाळी कायमची, त्यामुळं रविवारी सकाळी आले की झोपायचे अन् काच तशीच राहायची. आई द्राक्षाच्या सीझनला टेंपोत बसून निफाडकडं पॅकिंगला जायची, अंधारात जायची अन् अंधारात यायची, अंगाला द्राक्षाच्या पेटीतल्या कागदाचा वास. दिवसभर घरात मी, झोपलेले आप्पा अन् कंपन्यांचे भोंगे. कुठल्या कंपनीचा कुठला भोंगा ते मला आवाजावरनं कळायचं.

दहावी राहिली अन् मी घरीच बसले. त्या वर्षात मी कुणाशी बोलले नाय. मैत्रिणी कॉलेजच्या ड्रेसमध्ये जाताना दिसल्या की मी दार लोटून घ्यायची. तेव्हाच तो आला. मागच्या बोळात मी भांडी घासत होते, आदल्या दिवशी सुकट केली होती, तिच्या पातेल्यातलं पाणी मी ओतलं अन् वर बघते तर भिंतीवर हा. काळपट, मानेला लोकरीसारखे गुंते, गाल फुगलेले, एवढं मोठं डोकं की खालचं अंग त्याचं नाय असं वाटावं. दुपारच्या जेवणाचा भोंगा झाला अन् त्या भोंग्यात आवाज मिसळून हा जो ओरडला, आतनं आप्पा उठून बसले. म्हणाले, "कुणाचं पोरगं रडतंय गं?" मी म्हटलं, "बोका हाय आप्पा." तेव्हापासनं त्याचं नाव भोंग्या.

आता मांजरं पाळणारे लोक मोबाईलवर दाखवतात, मांजर मांडीत घेतलेलं, त्याला टोपी घातलेली. भोंग्या तसला नव्हता. रानटी बोका माणसाळत नाय, तो फक्त अंदाज घेतो की ह्या बाईपासनं किती लांब बसलं तर आपला जीव सुरक्षित. मी सुकट ठेवली तर मी आत जाऊन दार लावेपर्यंत तो भिंतीवरनं हलायचा नाय. मी दाराच्या फटीतनं बघतेय हेसुद्धा त्याला कळायचं. मंग एक दिवस मी कंटाळून सुकट मागं ठेवली अन् त्याच्याकडं पाठ करून भांडी घासत बसले, तर मागं चावल्याचा आवाज. मी वळले अन् तो गेला. दुसऱ्या दिवशी वळले नाय. मंग माझं ते कामच झालं, पाठ करून बसायचं, हात मागं जमिनीवर ठेवायचा, हाताशेजारी सुकट, अन् वळायचं नाय. पावसाळा सरला तेव्हा तो माझ्या बोटांजवळ खात होता, त्याचा श्वास हाताला लागायचा. हात मात्र त्यानं कधी लावू दिला नाय. अन् मीही मागितला नाय. आपल्याजवळ कुणीतरी बसलंय अन् दहावीचं विचारत नाय, एवढंच मला पुरायचं.

दुसराही एक होता, त्याच्यासारखाच काळा पण छातीवर पांढरा ठिपका अन् एक कान अर्धा तुटलेला, तो कानतुट्या. दोघांची बोळावरनं मारामारी चालायची, भिंतीवर समोरासमोर बसून तासभर नुसते गुरगुरायचे. शेजारच्या काकू पाणी फेकायच्या. तरी सुकटीच्या वेळेला एक जण खायचा अन् दुसरा पाण्याच्या ड्रमावर तोंड फिरवून बसायचा, आपल्याला जसं काय भूकच नाय. ते कुणी ठरवलं होतं ते त्यांनाच माहीत.

एकदा त्या मारामारीत भोंग्याचा गाल सुजला, लिंबाएवढा झाला, फुटला, वास यायला लागला. मी काठीला कापूस बांधून मिठाच्या गरम पाण्यानं लांबनंच पुसायची, तो दात दाखवायचा पण बसून राहायचा. शेवटी आप्पांनीच सुकट कांद्याच्या जाळीच्या गोणीत टाकली अन् तो आत शिरल्यावर तोंड बांधलं, अन् रात्रपाळी करून आलेला माणूस तसाच झोपमोड करून गोणी सायकलला लावून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेला. मी मागं बसले होते. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं अन् म्हणाले, "ह्याचं ऑपरेशन करून टाका, म्हणजे भांडणं कमी होतील." आप्पांनी विचारलं, "कसलं ऑपरेशन?" डॉक्टरांनी सांगितलं. आप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले, "राहू द्या साहेब. त्याचं त्याला राहू द्या." येताना सगळ्या रस्त्यात ते एकटेच हसत होते. घरी गोणी सोडली तर भोंग्या उडी मारून पळाला नाय, बाहेर आला, अंग झाडलं, अन् ड्रमावर जाऊन बसला. ती गोणी त्याला माहीत झाली होती.

मंग माझं लग्न झालं, मालेगावला. ह्यांचं काम गोदामात, माल चढवायचं उतरवायचं. घर यंत्रमागांच्या गल्लीत, दिवसभर खटक खटक, भिंतीला हात लावला तर भिंतही थरथरायची. तिथं मांजर होतं की नव्हतं तेही मला आठवत नाय. सासूबाई वाईट नव्हत्या, पण त्यांचं बोलणं अहिराणीकडं झुकायचं अन् मला निम्मं कळायचं नाय, मी नुसती हो म्हणायची, अन् मंग ज्याला हो म्हटलं ते काम राहिलं म्हणून बोलणी खायची. दिवस गेले तेव्हा मला आनंद व्हायच्या आधी भीती वाटली. सातव्या महिन्यात माहेरी आले तेव्हा दारात चप्पल काढली अन् मला कळलं की मी किती थकलेय.

आई म्हणाली, "जा बघ मागं. तुझा तो दादला बसलाय." खिडकीच्या फुटक्या काचेत भोंग्याचं डोकं. वाळला होता, एक डोळा पाणावलेला. मी नव्हते तेवढे दिवस आई त्याला शिव्या देत देत सुकट घालत होती. आई ते कबूल करायची नाय, म्हणायची, "उरलेली टाकते, कोण त्याच्यासाठी करतंय." पण उरलेली सुकट बशीत काढून कोण ठेवतं?

दवाखान्यात नर्सबाईंनी सांगितलं होतं, मांजराच्या घाणीला हात लावू नको, पोटातल्या बाळाला त्रास होतो. मंग मी सुकट लांबनं टाकायची अन् हात धुवायची, इतकी की बोटांची सालं निघाली. अशा भीतीतच पोर झालं. मुलगा. लहान होता, वजन कमी, दवाखान्यात ठेवून घेतलं अन् मंग घरी सोडलं. घरी आल्यापासनं मी झोपले नाय म्हटलं तरी चालेल. तो झोपला की मी त्याच्या नाकाखाली बोट धरायची. गरम वारा लागला की हात काढायची, अन् हात काढला की परत धरावासा वाटायचा. चमचा पडला तरी तो दचकून उठायचा, दोन्ही हात वर उडायचे, अन् रडायला लागायचा, अन् तो रडला की मला बरं वाटायचं.

बाळंतपण करायला आत्या आली, आप्पांची मोठी बहीण, निफाडकडच्या खेड्यातली. आप्पांची आई लवकर गेली, आप्पांना हिनंच वाढवलं, त्यामुळं आमच्या घरात आत्याचा शब्द शेवटचा. येताना बाजरीचं पीठ, डिंक, अळीव, बाळंतशोपा, लसणाच्या माळा अन् कोळशाची पिशवी घेऊन आली. आई सीझनला जायची, सुट्टी घेतली तर दुसरीला जागा देतात, म्हणून सगळं आत्यावर. सकाळी मला तेल लावायची, इतकं रगडायची की हाडं मोकळी व्हायची. बाळाला पायावर घेऊन आंघोळ घालायची, गाणं म्हणायची, त्याच्या टाळूत तेल जिरवायची. मंग मला शेपूची भाजी, लसणाची चटणी अन् बाजरीची गरम भाकरी. अन् मंग शेक. बाजेखाली शेगडी, तिच्यात निखारे, त्याच्यावर ओवा अन् लसणाच्या सालीची धुरी, वर मी अन् माझ्याजवळ दुपट्यात गुंडाळलेलं पोर. दार लोटायचं. घाम सुटायचा, धूर डोळ्यात जायचा, अन् तो हळूहळू खिडकीच्या फुटक्या काचेतनं बाहेर निघून जायचा. तो तिथनं जातो हे तेव्हा कुणाच्या लक्षातही नव्हतं.

आत्याच्या खेड्यातलं घर कौलांचं. तिनं गावात कितीक बायकांची बाळंतपणं अशीच काढली. कौलातनं उजेड येतो, वारा येतो, पावसात पाणीही येतं. तिथं दार लावलं तरी घर बंद होत नाय. आमच्याकडं स्लॅब.

एक दिवस दुपारचा भोंगा झाला अन् भोंग्यानं काचेतनं डोकं आत घातलं, नेहमीसारखं. आत्या नेमकी लंगोट घड्या करत बसलेली.

"अगं बया! हे काय गं? बाळंतिणीच्या खोलीत बोका?"

"आत्या, तो आत येत नाय. नुसतं डोकं घालतो."

"डोकं आलं तिथं धड यायला किती वेळ? बोका स्वतःची पिल्लं खातो, माहीत हाय ना? तुझं काय सोडणार? नाळेचा वास लागलाय त्याला."

"सुकटीचा वास लागलाय आत्या. तो माझा हाय, आधीपासनं."

"तुझा हा पोरगा हाय. तो बोका तुझा कोण? अन् मला शिकवू नको, तुझ्या बापाचं ढुंगण धुतलंय मी."

खरं सांगायचं तर मलाही भीती वाटली. पिल्लं खातात हे मी बघितलेलं होतं. आत्यानं फुटक्या काचेवर आतनं पुठ्ठा ठोकला, तिचं एक जुनं पातळ फाडलं अन् उलथन्याच्या टोकानं त्या चिंध्या खिडकीच्या सगळ्या फटीत कोंबल्या. दाराखाली पोतं टाकलं, वारं लागू नये म्हणून. हात झटकून म्हणाली, "आता झोप निवांत."

दुसऱ्या दिवशी आंघोळ झाली, जेवण झालं, शेगडी आली. धुरी विझली, नुसते लाल निखारे राहिले, मंग आत्या दार ओढून घेऊन दुपटी वाळत घालायला वर गच्चीवर गेली. आप्पा पुढच्या खोलीत झोपलेले. मी पडून होते अन् मला बरं वाटायला लागलं. हे मी कुणाला नीट सांगू शकले नाय अजून. डोकं जड होतं, दुखतही होतं, पण ते दुखणं दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं. अन् भीती नव्हती. इतक्या महिन्यात पहिल्यांदा माझ्या पोटात भीती नव्हती. मालेगावची नाय, सासूबाईंची नाय, पोराच्या वजनाची नाय. त्याच्या नाकाखाली बोट धरायची गरज वाटली नाय. मी म्हटलं, आत्या बरोबर बोलली, निवांत. हातपाय गरम गोधडीसारखे.

दुपारचा भोंगा झाला. लांबनं आल्यासारखा ऐकू आला. मंग खिडकीच्या पलीकडनं भोंग्या ओरडला. त्याची सुकटीची वेळ झाली होती अन् पुठ्ठा आडवा होता, एवढंच. तो ओरडत राहिला, नख्यांनी पुठ्ठा खरवडत राहिला, अन् मला त्याचा राग आला. वाटलं, पोर उठेल. गप रे, उठवशील त्याला. अन् मंग हळूहळू, चिखलातनं पाय काढावा तसं, माझ्या डोक्यात आलं की पोर उठलं नाय. चमच्याला उठणारं पोर. एवढा भोंगा झाला, एवढा बोका बोंबलला, अन् त्याचे हात उडले नायत.

मंग भीती आली, सगळी एकदम, अन् तिनंच मला उठवलं. पाय लागेनात. मी पोराला छातीशी धरून बाजेवरनं पडलेच, गुडघ्यावर दारापर्यंत गेले, पोतं ओढलं, दार ओढलं, अन् आप्पांच्या पायाशी जाऊन कोसळले. आप्पा उठले, पोराकडं बघितलं, अन् अनवाणीच रस्त्यावर पळाले, रिक्षेपुढं आडवे झाले. पुढचं मला तुकड्या तुकड्यात आठवतं. रिक्षातला वारा. आत्याची हाक, "काय झालं रे? काय झालं?" अन् दवाखान्यात त्याच्या एवढ्याशा तोंडावर लावलेली नळी.

तो रडला तेव्हा मी भिंतीला टेकून उलटी करत होते. नर्सबाई म्हणाल्या, "रडतोय गं तुझा. ऐक." मी ऐकत राहिले. कुणी त्याला गप करू नये असं मला वाटत होतं.

डॉक्टर आप्पांना ओरडले. "बंद खोलीत कोळशाची शेगडी? त्याचा गॅस साठतो. वास नाही, रंग नाही. माणूस झोपतो अन् उठत नाही. थोडा वेळ अजून गेला असता तर दोघांनाही घेऊन आला असतात तुम्ही, पण बोलायला कुणी नसतं." आप्पा मान खाली घालून हो साहेब, हो साहेब करत होते. आत्या बाहेर बाकड्यावर, पदराचा बोळा तोंडात. तिनं सगळं ऐकलं होतं. तिच्याजवळ कुणी गेलं नाय, मीही नाय.

घरी आलो तर पोराच्या नावाचा कार्यक्रम तोंडावर आलेला. मालेगावची माणसं येणार. पोराला परत दवाखान्यात नेलेलं कॉलनीला माहीत झालं होतं, म्हणजे त्यांनाही कळणार. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "शेगडीचं काढू नका. माहेरच्यांनी नातू मारायला घेतला होता असं आयुष्यभर ऐकावं लागंल हिला." आत्या भिंतीकडं बघून म्हणाली, "बोका आला होता म्हणून सांगा. बोका छातीवर बसला." कुणी हो म्हटलं नाय, कुणी नाय म्हटलं नाय, अन् आमच्या घरात तेवढं पुरतं. संध्याकाळपर्यंत शेजारच्या काकू माझ्या तोंडावरनं हात फिरवून म्हणत होत्या, "वाचलीस बाई. मेला बोका!"

कार्यक्रमाच्या दिवशी पुढच्या खोलीत सतरंजी टाकली, बाबासाहेबांच्या अन् बुद्धांच्या फोटोला हार घातला, मेणबत्त्या आणल्या. सासूबाई माझ्या मालकांना घेऊन एसटीनं आल्या, आत आल्या आल्या पोराला घेतलं, उलटंपालटं करून बघितलं, अन् विचारलं, "मना नातूले काय व्हयनं व्हतं?" मी आईकडं बघितलं, आई चुलीकडं. शेजारच्या काकूच बोलल्या, त्यांनी बोका छातीवर बसलेला जसा काय डोळ्यानं बघितला होता. सासूबाई म्हणाल्या, तो बोका हाय कुठं अजून? हाय? मंग त्याचा बंदोबस्त झाल्याशिवाय मी नातवाला नाव ठेवायची नाय. माझे मालक खाली बघत बसले. आप्पा उठले. मागं गेले, कांद्याची गोणी घेतली, सुकट टाकली. दुपारचा भोंगा व्हायचाच होता.

भोंग्या आला अन् गोणीत शिरला. स्वतःच्या पायानं शिरला, त्याला ती माहीत होती. आप्पांनी तोंड बांधलं. आईच्या टेंपोवाल्याला सांगितलं, हरसूलच्या अंगाला डोंगरात नेऊन सोडायचं. म्हातारा, एका डोळ्यानं अधू बोका, तिथं कुणाच्या खिडकीत डोकं घालणार होता? आप्पांनी गोणी पुढच्या दारात आणून ठेवली, सगळ्यांनी बघावी म्हणून. सगळे वाकून बघायला लागले. भोंग्या ओरडला नाय. मी उठले. मला बोलायचं होतं. डोक्यात वाक्य तयार होतं, शेगडी होती, एवढंच, दोन शब्दांचं, पण सासूबाई समोर, मालक समोर, आई डोळ्यानं नको नको म्हणत होती. मी खाली बसले अन् गोणीवर हात ठेवला. त्याला मी पहिल्यांदाच हात लावला. जाळीतनं त्याची मान हाताला लागली, गुंत्यांची. तो हलला नाय. त्याला वाटत असेल, परत इंजेक्शन.

तेवढ्यात आत्या स्वयंपाकातनं बाहेर आली. हाताला पुऱ्यांची कणीक तशीच. म्हणाली, "सोड रे त्याला."

आप्पा म्हणाले, "आक्का, राहू दे."

"सोड म्हणते ना. शेगडी माझी होती." मंग सासूबाईंकडं वळून, "इहीणबाई, बोका खोलीत आलाच नव्हता. तो येऊ नये म्हणून मी खिडकी बुजवली अन् मायलेकरांना आत कोंडून शेगडी ठेवली. बोका बाहेरनं बोंबलला म्हणून ही उठली. आता मला काय बोलायचं ते बोला, पण त्याला सोडा."

शेजारच्या काकू पाणी पिऊन येते म्हणून ज्या गेल्या त्या आल्याच नायत. मला वाटलं, सासूबाई आता पोराला उचलून चालत्या होतात. त्यांनी पोराला दुसऱ्या मांडीवर घेतलं अन् म्हणाल्या, "आमना घरमा बी शेगडीच लावतस, माय." एवढंच. पुढं मला त्यांनी त्याच्यावरनं टोमणे मारले नायत असं नाय, अजून मारतात, भाकरी करपली तरी माहेरची शेगडी निघते. पण त्या दिवसापासनं त्यांच्या घरात बाळंतिणीला शेगडी लागली नाय, माझ्या जावेलाही नाय.

आप्पांनी गाठ सोडली. ह्या वेळी भोंग्या थांबला नाय. एवढी माणसं, एवढा गलका, तो पायांतनं सरळ रस्त्यावर गेला अन् दिसेनासा झाला. मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली, पोराचं नाव सुमेध ठेवलं, खीर वाटली. मला त्या खिरीची चव आठवत नाय. मी मागच्या खोलीत जाऊन चिंध्या उपसत बसले होते.

त्यानंतर तो आला नाय. मी मालेगावला गेले, मंग ह्यांना सातपूरजवळच अंबडला काम लागलं अन् आम्ही इकडंच भाड्यानं आलो, आईपासनं दोन गल्ल्या सोडून, तोपर्यंतही नाय. आप्पांनी ती काच अजून बसवली नाय, आता मुद्दामच. मी थंडीतही खिडकी उघडी ठेवते, मालक पांघरूण ओढत कुरकुर करतात. पोरगा एवढा मोठा झाला तरी झोपला की माझं बोट त्याच्या नाकाखाली जातं. भीती वाटते ती वाटू दे, मला आता तिचा कंटाळा येतो पण राग येत नाय. ती नव्हती तेव्हा काय होतं ते मी बघितलंय.

आत्या आता थकली. कुणाचं बाळंतपण काढत नाय, बोलवायला आले तर गुडघे दाखवते. मागच्या महिन्यात आईकडं आली होती, पिशवीत सुकट. आई म्हणाली, "एवढी कुणाला गं?" आत्या म्हणाली, "असू दे." दुपारी मी पोराला घेऊन गेले तर आत्या मागच्या बोळात, दगडावर बसलेली. मला म्हणाली, "तू कशी बसायचीस ते दाखव." मी दाखवलं. भिंतीकडं पाठ, हात मागं जमिनीवर, सुकट हाताशेजारी, अन् काय पण झालं तरी वळायचं नाय. आत्या तशी बसली, गुडघे दुखत होते तरी. मी दारात उभी राहिले. पोराला म्हटलं, "बोलू नको." भोंगा झाला. लय वेळ काय नाय. मंग भिंतीवरनं एक जण उतरला, थांबला, पुढं आला, अन् आत्याच्या बोटांजवळ खायला लागला. चावल्याचा आवाज येत होता.

आत्यानं मान जराही हलवली नाय. हळूच विचारलं, "तोच हाय ना गं?"

छातीवर पांढरा ठिपका, कान अर्धा तुटलेला, कानतुट्या.

मी म्हटलं, "हो आत्या. तोच हाय."